क्लबचा कोर्स 'अवघड' करायचा ठराव आलाय, मत कुणीकडे टाकू?

शनिवारचा_स्लाइसर (पुणे)

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळच्या एका खाजगी क्लबचा मी एकोणीस वर्षं मेंबर आहे. नाव लिहीत नाही, कारण निम्मी कमिटी इथे वाचनमात्र असते आणि उरलेली निम्मी माझ्याबरोबर पत्ते कुटते. वय ६१, हँडिकॅप २२ (म्हणजे पारपेक्षा, होलच्या ठरल्या फटक्यांपेक्षा, अठरा होलांत साधारण बावीस फटके जास्त), ड्राइव्ह, म्हणजे टीवरून मारलेला पहिला फटका, चांगला बसला तर २०० यार्ड. बसला नाही तर शेजारच्या होलवर.

गेल्या रविवारी हॉलमध्ये प्रेझेंटेशन झालं. ड्रोनने काढलेले फोटो, त्यांच्यावर लाल-पिवळ्या रेघा, शेवटी चहा आणि पॅटिस. प्रस्ताव असा: कोर्स ६,४०० यार्डांवरून ७,००० वर न्यायचा, अकरा नवे बंकर (वाळूचे खड्डे) खणायचे, सहा होलचे फेअरवे (मधला कापलेला पट्टा) अरुंद करायचे, रफ (कडेचं वाढलेलं गवत) वाढवायचं आणि चौदाव्या होलवरचं तळं थेट ग्रीनच्या (झेंड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) तोंडापर्यंत आणायचं. नऊ महिने कोर्स बंद. माणशी दीड लाख. हे सगळं कशासाठी, तर कोर्स 'चॅम्पियनशिप दर्जाचा' व्हावा म्हणून. हा शब्द चाळीस मिनिटांत मी सतरा वेळा मोजला, त्यानंतर पॅटिस आलं.

मी विरोधक नाही हो. कोर्स थोडा सपक झालाय, हे मलाही दिसतं. पण आमच्या शनिवारच्या फोर-बॉलमध्ये एक नाना आहेत, वय ७४, जेमतेम दीडशे यार्ड मारतात आणि आम्हा तिघांकडून दर आठवड्याला शंभर-शंभर रुपये घेऊन जातात. नव्या नकाशावर नाना चौदावा होल कसा ओलांडणार, हे मला कळेना. सभेत विचारलं, तर सल्लागार हसून म्हणाले, "सर, गोल्फ इज अ चॅलेंज."

पुढच्या रविवारी मतदान आहे. असा बदल कुणी जवळून पाहिलाय का? हात वर करू की खाली ठेवू?

---

सिंगल_हँडिकॅपर_९४ (मुंबई)

काका, राग मानू नका, पण हँडिकॅप ६ असलेल्या माणसाचंही ऐका. मी तुमच्याकडे पाहुणा म्हणून खेळलोय (असं वाटतंय तरी, तळ्यावरून ओळखलं). चौदापैकी अकरा टीवरून डोळे मिटून ड्रायव्हर काढायचा, हाणायचा, मग वेज (जवळच्या उंच फटक्याची काठी). विचार करायला कुठे वेळच नाही. नव्या पोरांना बाहेरच्या स्पर्धेत गेल्यावर घाम फुटतो, कारण घरचा कोर्स काहीच विचारत नाही. करा अवघड. नाना पुढच्या टीवरून खेळतील.

---

मेपलरोडवाला (ट्रॉय, मिशिगन)

स्लाइसर, हात वर-खाली करायच्या आधी एक गोष्ट ऐका. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

मी मूळचा सांगलीचा. तीसेक वर्षं इथे डेट्रॉइटच्या बाजूला मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात घालवली, आता निवृत्त. आमच्या घराजवळचा मेपल रोड पश्चिमेला धरला की थोड्या वेळात रस्त्याला लागूनच ओकलंड हिल्स कंट्री क्लब येतो. मी मेंबर नाही आणि होणारही नाही, तेवढ्यात सांगलीला द्राक्षबाग येईल. पण तिथल्या साउथ कोर्सवर पाहुणा म्हणून दोनदा खेळलोय, एकदा २०१४ मध्ये आणि एकदा २०२३ मध्ये. कागदावर कोर्स एकच. खेळायला दोन निराळे.

हा कोर्स डोनाल्ड रॉसने आखला, १९१८ मध्ये सुरू झाला. रॉस स्कॉटलंडचा. त्याची ग्रीन्स म्हणजे लाटा. चेंडू पोचला म्हणून सुटलात असं नाही. १९३७ ची यूएस ओपन, म्हणजे अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा, इथे झाली, तेव्हा राल्फ गुल्डालने चार फेऱ्यांत २८१ मारले. यूएस ओपनमधला तोवरचा तो विक्रम होता. क्लबवाल्यांना वाटलं, आपला कोर्स म्हातारा झाला. तुमच्या कमिटीला आज जे वाटतंय तेच.

१९५१ ची ओपन पुन्हा इथेच ठरली. रॉस १९४८ मध्ये गेला होता, म्हणून काम रॉबर्ट ट्रेंट जोन्सकडे आलं. आणि इथे नीट लक्ष द्या, कारण तुमच्या अकरा बंकरांचा निकाल इथेच लागतो.

रॉसचे फेअरवेवरचे बंकर टीपासून साधारण २००-२२० यार्डांवर होते. त्याच्या काळी चांगला खेळाडू तिथेच पडायचा. १९५० पर्यंत मोठे खेळाडू त्यांच्यावरून उडवून जायला लागले होते. म्हणजे त्यात सापडायचं कोण? तुमच्याआमच्यासारखा मेंबर. प्रो वरून जाणार आणि डॉक्टर-वकील वाळू उपसणार! जोन्सने ते बंकर बुजवले आणि नवे पुढे, २३० ते २६० यार्डांच्या पट्ट्यात, फेअरवेच्या दोन्ही बाजूंना खणले. प्रोचा ड्राइव्ह पडतो तिथेच कंबर आवळली. शिवाय दोन होल पार पाचचे चार केले, कोर्सचा पार ७२ चा ७० झाला. लांबी ६,९२७ यार्ड.

पुढे काय झालं ते इथे कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं. पहिल्या तीन फेऱ्यांत एकालाही पारखाली जाता आलं नाही. बेन होगनने पहिल्या दिवशी ७६ मारले. हा तोच होगन, दोन वर्षांपूर्वी बसच्या धडकेतून कसाबसा वाचलेला. तेव्हा शेवटच्या दिवशी दोन फेऱ्या असायच्या, ३६ होल. दुखऱ्या पायांनी तो सकाळी ७१ आणि दुपारी ६७ मारून जिंकला. अख्ख्या स्पर्धेत पारखालच्या फेऱ्या दोनच: होगनचा तो ६७ आणि क्लेटन हेफनरचा ६९. विजेत्याची बेरीज पारच्या वर सात! बक्षीस घेताना होगन म्हणाला, या राक्षसाला मी गुडघ्यावर आणलं. तेव्हापासून कोर्सचं नाव पडलं 'मॉन्स्टर'. असंही सांगतात, की होगनने जोन्सच्या बायकोला ऐकवलं: तुमच्या नवऱ्याला पोटासाठी इथे खेळावं लागलं असतं, तर तुम्ही फुकटच्या जेवणाच्या रांगेत उभ्या असता.

तर सिंगल_हँडिकॅपर, तुझं म्हणणं मला पटतं. जोन्सलाही पटलं असतं. पण त्याचं सूत्र होतं: पार अवघड, बोगी (पारपेक्षा एक फटका जास्त) सोपी. त्याने प्रोची वाट अडवली आणि मेंबरच्या पायाखालचे बंकर काढले. किमान टीवरून तरी.

गडबड झाली ती पुढे, आणि ती त्याच्या एकट्याच्या माथी मारता येणार नाही. त्याने ग्रीनच्या तोंडाशीही बंकर आणले होते, म्हणजे चेंडू गडगडत नेण्याची वाट बुजली. वर त्या नावाचा मोह. 'मॉन्स्टर' म्हटलं की राक्षस पोसावा लागतो. पुढच्या कित्येक वर्षांत फेअरवेच्या कडेची झाडं वाढत गेली, रफ दाट होत गेलं. १९८५ च्या ओपनमध्ये तैवानचा टी. सी. चेन शेवटच्या दिवशी चार फटक्यांनी पुढे होता. पाचव्या होलवर ग्रीनजवळच्या गवतातून त्याने चिप, म्हणजे छोटा उचललेला फटका, मारली आणि उडालेल्या चेंडूला क्लब पुन्हा लागला. एका फटक्यात दोन टोले, वर दंड. त्या होलवर ८. शेवटी एका फटक्याने हरला. (२०१९ पासून त्या चुकीला दंड नाही. चेनला काय उपयोग.)

२००८ च्या पीजीए चॅम्पियनशिप या दुसऱ्या मोठ्या स्पर्धेआधी, २००६ मध्ये, कोर्स परत आवळला. आवळणारा कोण? रीस जोन्स, ट्रेंट जोन्सचा मुलगा. बंकर आणखी पुढे, लांबी जवळपास ७,४०० यार्ड, पार सत्तरच. त्या ऑगस्टमध्ये मी तिकीट काढून गेलो होतो. सोळाव्या होलच्या तळ्यापाशी घडीची खुर्ची टाकून बसलो. उजवीकडे वळणारा पार चार, ग्रीन पाण्याला चिकटून. १९७२ मध्ये गॅरी प्लेयरने इथेच रफमधून झाडावरून, तळ्यावरून नाइन आयर्न (नऊ नंबरची लोखंडी काठी) मारली, होलपासून चार फुटांवर, आणि पीजीए नेली. मला तसलंच काही पाहायची आस होती. दोन दिवस झाल्यावर पारखाली एकच माणूस उरला होता, जे. बी. होम्स, तोही फक्त एकने. बाकीचे सगळे रफमध्ये वाकून वेजने चेंडू बाहेर काढतायत. जगातले सर्वोत्तम खेळाडू माझ्यासारखे खेळताना बघायला मी पैसे मोजले होते! शनिवारी पाऊस आला, कोर्स नरम झाला, मग पॅड्रेग हॅरिंग्टनने ६६, ६६ मारून कप नेला. सर्जिओ गार्सियाचा चेंडू सोळाव्यावर पाण्यात गेला तेव्हाचा सुस्कारा अजून कानात आहे.

आता माझी २०१४ ची फेरी. एका पुरवठादाराने बोलावलं होतं. पहिल्याच होलवर ड्राइव्ह सरळ, १९५ यार्ड, फेअरवेच्या मधोमध. कॅडी (बॅग उचलणारा मदतनीस) म्हणाला, छान. पुढे उरलं इतकं, की मला लाकडानेही (वुड, लांब मारायची काठी) पोचेना, आणि पोचवायचं तर हवेतून, कारण समोर बंकर. पडलो. बंकरची कड माझ्या छातीला. सात. असे अठरा होल. ११७ झाले, सात चेंडू हरवले, आणि घरी येऊन बायकोने "कसं झालं?" विचारल्यावर एकही फटका आठवून सांगता येईना. नुसता थकवा. त्या दिवसाचा माझा राग फटक्यांचा नव्हता. त्या कोर्सने मला एकदाही काही निवडायला दिलं नाही. सगळीकडे एकच हुकूम: इथून इथे, नाहीतर मर.

२०१९ च्या शेवटी क्लबने कोर्स बंद केला आणि गिल हॅन्सला बोलावलं. रिओ ऑलिंपिकचा गोल्फ कोर्स आखला तोच. त्याने काय केलं? झाडं काढली. फेअरवे रुंद केले. ग्रीन्स रॉसच्या जुन्या आकारापर्यंत पुन्हा वाढवली. ग्रीनची तोंडं मोकळी केली. २०२१ मध्ये कोर्स उघडला. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबहाउस जळालं, शंभर वर्षांची पांढरी लाकडी इमारत. धूर लांबून दिसत होता. मी गाडी कडेला घेऊन पाच मिनिटं नुसता बघत राहिलो, ना मेंबर ना काही. आणि पुढच्याच महिन्यात यूएसजीएने (अमेरिकेची गोल्फ संघटना) जाहीर केलं: २०३४ आणि २०५१ ची यूएस ओपन इथे, २०३१ आणि २०४२ ची महिला ओपनही. १९९६ नंतर यूएस ओपन तिकडे फिरकली नव्हती. कोर्स रुंद केल्यावर परत आली.

२०२३ मध्ये परत योग आला. तोच ११७ वाला मी, फक्त नऊ वर्षांनी म्हातारा. १०६ झाले. चेंडू हरवला एक. पण सोपा म्हणाल तर अजिबात नाही: एका ग्रीनवर मी चार पट (होलकडे घरंगळवायचे फटके) मारले, दुसरा पट पहिल्यापेक्षा लांबचा होता. झेंडा मागे डावीकडे, फेअरवे इतका ऐसपैस की मी आळसाने डावीकडे मारला. तिथून बघतो तर ग्रीनचा खांदा आडवा. कॅडी म्हणे, उजवीकडून आला असतात तर हीच ग्रीन ओंजळीसारखी दिसली असती. म्हणजे चूक मी टीवरच केली होती, मोकळ्या मैदानात. घरी आल्यावर बायकोला तो होल डायनिंग टेबलवर मिठाची बरणी ठेवून समजावला. तिला काही कळलं नाही, पण २०१४ ला मला सांगताच येत नव्हतं.

तुम्ही सल्लागाराला एकच विचारा: हे अकरा बंकर कुठल्या टीपासून किती यार्डांवर आहेत? दुसरं काही नको.

---

हरळी_आणि_मी (नाशिक)

मेपलरोडवाले काका, दंडवत. मी त्या राक्षसाला आंघोळ घालणाऱ्यांपैकी. राहुरीला कृषी पदवी, गेली चौदा वर्षं गोल्फ कोर्सच्या देखभालीत. ज्या हरळीला माझे वडील बांधावर शिव्या घालत खुरपायचे, तिच्याच संकरित बहिणीला मी साडेतीन मिलिमीटरवर कापतो आणि पगार घेतो. वडिलांना हे अजून पटलेलं नाही.

ग्रीन्स मोठी केली असं काकांनी लिहिलं, त्यातली गंमत सांगतो. ग्रीन्स आपोआप लहान होतात. मशीनवाला कडेला वळताना चुकून बाहेरचं गवत खरवडायला नको म्हणून बोटभर आत वळतो. दर वर्षी बोटभर. वीस वर्षांत ग्रीनचे कोपरे गायब, आणि झेंडा लावायच्या सगळ्यात भारी जागा कोपऱ्यातच असतात. स्लाइसर साहेब, तुमच्या क्लबचे जुने नकाशे असतील तर काढा आणि आजच्या ग्रीन्स पावलांनी मोजा. कोपरे परत मिळवायला दीड लाख लागत नाहीत. उंची कमी करत करत एक-दोन हंगामांत जमतं. तेवढ्यानेच कोर्स दोन फटके अवघड होईल आणि नानांचा एकही चेंडू हरवणार नाही.

बंकरचं आता. आपल्याकडे बंकर म्हणजे पावसाळा. एका रात्रीच्या पावसात उभ्या कडेवरची वाळू तळाला येते, खालची लाल माती तिच्यात मिसळते, सकाळी सहाला चार माणसं फावडी घेऊन वाळू वर चढवतात. परत रात्री पाऊस. खाली पाइप, खडी, वर वाळू हे नीट केलं नाही तर जुलैत बंकर नाही, डबकं असतं, बेडूक फुकट. अकरा बंकर म्हणजे रोज दाताळं मारायला किती माणसं, हे प्रेझेंटेशनमध्ये होतं का? पैज लावतो, नव्हतं. खणायचा खर्च एकदाच, निगा कायमची.

रफ वाढवणार म्हणतात ते शनिवारी सकाळी करून बघा. चेंडू शोधायला आता तीनच मिनिटं मिळतात, २०१९ पर्यंत पाच होती. तरी चार जणांचे चार चेंडू, प्रत्येकी तीन मिनिटं... मागचे फोर-बॉल तुम्हाला काय म्हणतील ते मी इथे लिहू शकत नाही. शिवाय पुढे उभे राहून चेंडू हेरणारे आगेवाले दुप्पट लागतील.

ग्रीनचा वेग वाढवायची भाषा कुणी केली असेल तर त्याआधी उतार मोजायला सांगा. स्टिम्पमीटर म्हणजे तीन फूट लांबीची पन्हळ. तिच्यावरून चेंडू सोडायचा आणि किती फूट घरंगळला ते मोजायचं. आठ फुटांच्या वेगाला जो उतार मजेचा, तोच अकरा फुटांना घसरगुंडी. तीन टक्क्यांच्या वर उतार असेल तर त्या वेगात तिथे झेंडा लावताच येत नाही. म्हणजे वेग वाढवला की उरलीसुरली ग्रीनही हातची जाते.

आणि हो, झाडं तोडायची असतील तर महापालिका हद्दीत वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. नऊ महिन्यांत ती धरलीय का, विचारा.

---

लेडीज_टी (ठाणे)

"नाना पुढच्या टीवरून खेळतील." दादा, पुढच्या टीवर कधी उभा राहिलायस?

मी राहते. हँडिकॅप ३१. आमच्या क्लबात (तोही अनामिकच राहू दे) असंच नूतनीकरण झालं, तेव्हा मागच्या टी संगमरवरी पाट्यांसकट बांधल्या आणि आमच्या टी म्हणजे फेअरवेच्या सुरुवातीला दोन लाल ठोकळे. एक उतारावर होता. पाय वर-खाली ठेवून ड्राइव्ह.

कोर्सचं रेटिंग (किती अवघड याचा आकडा) काढताना जी बोगी गोल्फर (साधारण मेंबर) बाई धरतात ती ड्राइव्ह १५० यार्ड मारते आणि दोन फटक्यांत २८० ला पोचते. बोगी पुरुष २०० मारतो, दोन फटक्यांत ३७०. अव्वल पुरुष २५० आणि ४७०. हे आकडे कुठल्याही रेटरला विचारा. आता चौदाव्याचं तळं घ्या. ग्रीनच्या तोंडापर्यंत पाणी आणलं तर २५० वाला हातात आठ किंवा नऊ नंबरची आयर्न घेऊन उभा असेल, चेंडू उंच जाईल, थांबेल. मी आणि नाना हायब्रिड (लांब मारायची काठी) घेऊन. आमचा चेंडू खालून जातो आणि पळतो. त्याला पळायला जमीन लागते. टी कितीही पुढे आणा, ग्रीनच्या तोंडाशी पाणी असलं तर शेवटचा फटका आम्हाला उडवूनच मारावा लागणार. मेपलरोडवाल्यांची बंद ग्रीन तीच ही.

एका बाजूने वाट ठेवा म्हणावं. डावीकडे वीस पावलं गवत. घाबरट माणूस तिकडून जाईल, एक फटका जास्त मारेल, पण जाईल.

---

सिंगल_हँडिकॅपर_९४

बरं, टीवर उभं राहण्याचं मान्य, पुढच्या रविवारी राहतो. पण काका, १९५१ चे २३०-२६० आज कुठे चालतात? आमच्या ग्रुपमधला सगळ्यात लहान पोरगा २८५ मारतो. मी २६०.

---

मेपलरोडवाला

बरोबर बोललास. ते आकडे लाकडी ड्रायव्हरच्या जमान्यातले. म्हणून तर रीसने बंकर आणखी पुढे नेले. तुमच्यासाठी २६० ते २९० म्हण. मुद्दा आकड्याचा नाही रे, तिथे कोणाचा चेंडू पडतो त्याचा. आणि एकाच बाजूला खणा. दोन्हीकडून आवळलं तर तू ड्रायव्हर पिशवीत टाकून आयर्न काढशील आणि झोपशील. एका बाजूला असेल तर तुला मोह होईल: बंकरच्या कडेने घासून गेलो तर पुढचा फटका सोपा. तो मोह म्हणजे तुला हवी असलेली परीक्षा.

---

शनिवारचा_स्लाइसर

मंडळी, धन्यवाद. एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज पहाटे सव्वासहाला नकाशाची झेरॉक्स घेऊन कोर्सवर गेलो. बरोबर माझा नेहमीचा कॅडी, बावीस वर्षं याच कोर्सवर. नानाही आले, छत्रीची काठी टेकत, कारण त्यांना कुठे काय चाललंय हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. लेझरने मधल्या टीपासून एकेक बंकर मोजला. नकाशावर यार्ड लिहिलेले नाहीत, नुसते पिवळे ठिपके. खांबांवरून आणि झाडांवरून अंदाज घेत गेलो.

अकरापैकी सात १८५ ते २१५ मध्ये आले. एक २४० ला. उरलेले तीन ग्रीनला चिकटून, तिन्ही समोर.

पाचव्या होलवर, जिथे दोन बंकर समोरासमोर दाखवलेत, कॅडी थांबला. बुटाच्या टोकाने गवतातला एक जुना खड्डा दाखवला, अर्धवट भरलेला डिव्हट. म्हणाला, "साहेब, हा तुमचा. परवाचा. इथंच पडतो तुमचा बॉल नेहमी." नाना तिथून पन्नास पावलं मागे उभे होते. ओरडून म्हणाले, "माझा तर अजून इथेच आहे, मला कसली भीती!" आणि खूप हसले. मग चौदाव्यावर गेलो. तळ्यापाशी मात्र ते हसले नाहीत. बराच वेळ पाण्याकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, डावीकडे जागा आहे की रे, आंब्याखालून.

हरळीवाले, तुमचंही केलं. जुना नकाशा स्टोअरमध्ये सापडला, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. नववी ग्रीन नकाशात ३४ पावलं लांब, आज २७ भरली. कॅडी म्हणतो, मागच्या कोपऱ्यात पूर्वी झेंडा लागायचा, त्याला आठवतंय. तिथे आता आम्ही बॅगा ठेवतो.

सेक्रेटरींना चिठ्ठी दिलीय: मतदानाआधी प्रत्येक बंकरचं अंतर तिन्ही टींपासून लिहून बोर्डावर लावा, रोजच्या मजुरीचा आकडा द्या, आणि चौदाव्याच्या डाव्या बाजूचं बघा. ते म्हणाले, "अहो, ठराव एकच आहे, हो किंवा नाही." मी म्हटलं, मग तुकडे करा. अकरा जणांच्या सह्या झाल्यात, पंचवीस लागतात. नानांनी पहिली सही केली आणि त्याचे शंभर रुपये मागितले.

रविवारी काय होतं ते लिहितो.